इतिहासाच्या पदवीधरांसाठी करिअर मार्गदर्शन : जळगावातील एका दोन दिवसांच्या शिबिराचे परीक्षण

गेल्या महिन्यात माझ्या भाचीबरोबर मी जळगावातील एका खासगी करिअर मार्गदर्शन केंद्राच्या दोन दिवसांच्या शिबिराला पूर्ण वेळ बसलो. शिबिर कला शाखेच्या पदवीधरांसाठी होते, आणि इतिहास घेऊन पदवी मिळवलेल्यांसाठी स्वतंत्र सत्रे असतील असे जाहिरातीत ठळकपणे म्हटले होते. शुल्क अडीच हजार रुपये होते. त्यात व्याख्याने, एक कलचाचणी, प्रत्येक विद्यार्थ्याशी पाऊण तासाची वैयक्तिक भेट, एक छापील पुस्तिका आणि पुढील तीन महिने फोनवरून शंकानिरसन एवढ्या गोष्टी समाविष्ट होत्या. पालकांना मागच्या रांगेत विनाशुल्क बसू देतात. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची केंद्रे आता धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शहादा अशा ठिकाणीही चालतात, आणि मला आढळलेले गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडतील असे मला वाटते.

मी स्वतः २८ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. त्या काळात "सर, इतिहास घेऊन पुढे काय?" हा प्रश्न मला दरवर्षी विचारला गेला आणि मी त्याचे उत्तर माझ्या माहितीच्या मर्यादेत देत गेलो. भाचीने इतिहास घेतला तेव्हा तिच्या आजीने अहिराणीत एकच प्रश्न केला होता, "इतिहास शिकीसन पोट भरस का?" हा प्रश्न मी कधीही हलका मानलेला नाही. कोरडवाहू शेतीवर घर चालवणाऱ्या बाईला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि मार्गदर्शनाचे पैसे घेणाऱ्याने त्याचे उत्तर घोषणांनी न देता माहितीने दिले पाहिजे. या शिबिराकडे मी त्याच अपेक्षेने पाहिले.

पहिल्या दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ स्पर्धा परीक्षांना दिला होता, आणि हा भाग चांगला झाला हे प्रथम सांगितले पाहिजे. व्याख्याते स्वतः दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेले होते. त्यांनी संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्ये भारतीय वारसा, संस्कृती आणि इतिहास यांचा वाटा किती असतो, इतिहास हा वैकल्पिक विषय घेतल्यास प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर कसे असतात, आणि पहिल्या पेपरची सुरुवात ५० गुणांच्या नकाशावरील प्रश्नाने कशी होते, हे जुन्या प्रश्नपत्रिका हातात देऊन समजावले. नकाशाच्या प्रश्नात स्थळ ओळखून त्याविषयी दोनतीन ओळींची टीप लिहायची असते. तेथे त्यांनी प्रकाशे आणि बहाळ ही दोन नावे फळ्यावर लिहिली आणि ही गावे कोणी पाहिली आहेत असे विचारले. आठ हात वर झाले. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे येथे १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडे केले. गिरणाकाठच्या बहाळ येथेही त्याच दशकात उत्खनन झाले. ज्या यात्रेच्या गावी मुले लहानपणापासून आईवडिलांबरोबर गेली आहेत, ते गाव अभ्यासक्रमातही आहे, हे कळल्यावर सभागृहातली बैठकच बदलली. इतका वेळ मोबाइलकडे पाहणारी मुले वही उघडून लिहू लागली.

एका बाबतीत मात्र व्याख्यात्यांनी अधिक स्पष्ट बोलायला हवे होते. स्पर्धा परीक्षा हा एक मार्ग आहे, आणि त्यावरून चालणाऱ्यांतील फार थोडे शेवटपर्यंत पोहोचतात. किती वर्षे द्यायची, कोणत्या वर्षी थांबायचे आणि थांबल्यावर काय करायचे, याचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला जायला हवा. आमच्या भागातील अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली मुले मी पाहतो. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्यांना बाविसाव्या वर्षी कोणी दुसरा मार्ग दाखवला असता तर त्यांनी दोन्ही मार्ग चालून पाहिले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

शिक्षकी पेशाविषयीचे सत्र छोटे होते, पण प्रामाणिक होते. ते घेणारे तरुण प्राध्यापक स्वतः तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवतात, आणि त्यांनी ते लपवले नाही. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे, शाळेतील भरती राज्य शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली, हे त्यांनी सांगितले, म्हणजे बी.एड. झाल्यावर लगेच नोकरी असे गणित कोणी मांडू नये, दोन भरत्यांमधली वर्षे कशी काढायची याचा विचार आधीच करून ठेवावा. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्यानंतरही पूर्णवेळ जागा निघेपर्यंत तासिकांवर काम, ही वस्तुस्थिती त्यांनी शांतपणे मांडली. एका मुलीने विचारले, "सर, मग तुम्ही का थांबला आहात?" ते म्हणाले, "मला शिकवायला आवडते, आणि माझ्या घरी शेती आहे. यांपैकी एक गोष्ट नसती तर मी थांबू शकलो नसतो." संपूर्ण शिबिरात इतके सरळ उत्तर मी दुसरे ऐकले नाही.

आता पुस्तिकेविषयी. माझी मुख्य तक्रार तिच्याबाबत आहे. ९६ पानांची ही पुस्तिका दिसायला नेटकी आहे, पण तिच्यातील माहिती अनेक ठिकाणी जुनी आहे, आणि करिअरच्या माहितीत जुनेपणा हा केवळ छपाईचा दोष राहत नाही. त्याने मुलांचे वर्ष वाया जाते. राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुपर्यायी असल्याचे पुस्तिकेत छापले आहे. वास्तविक महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती वर्णनात्मक करण्याचा निर्णय घेतला, विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी २०२३ ऐवजी २०२५ पासून ठरली, आणि आता १७५० गुणांच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या बदलाइतका मोठा बदल गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही, कारण तीन वर्षे ज्या विषयावर त्याने लांब उत्तरे लिहिली, तोच विषय तेथे पुन्हा लिहायचा आहे. व्याख्यात्यांनी तोंडी हे सांगितले, पण पुस्तिका घरी जाते, व्याख्यान सभागृहातच राहते. त्याच पुस्तिकेत नेट परीक्षा सीबीएसई घेते असे आहे. डिसेंबर २०१८ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुरातत्त्व संस्थेचा पत्ता दिल्लीचा लाल किल्ला असा दिला आहे. ती संस्था आता पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने ग्रेटर नोएडा येथे आहे. अशा चुकांवर मी पहिल्याच संध्याकाळी पेन्सिलीने खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत कार्यालयात दिली. त्यांनी ती आदराने घेतली आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू असे सांगितले.

चुका दुरुस्त होतील. पुस्तिकेत जे मुळातच नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. पुराभिलेख, वस्तुसंग्रहालये आणि पुरातत्त्व यांना मिळून साडेतीन पाने दिली आहेत, त्या पानांवर दिल्ली, पुणे आणि मुंबई आहे, आणि खानदेश कोठेही नाही. इतिहासाच्या पदवीधराला जळगावात बसून धुळ्याचे नाव न सांगणे ही मला गंभीर उणीव वाटते. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाने उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. तेथे त्यांच्या संग्रहातील कागद, हस्तलिखिते आणि वस्तुसंग्रह आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जपलेली आहेत. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ २०१२ मध्ये सुरू झाले. तेथे संग्रहालयाबरोबरच मोठे ग्रंथालय आणि अभिलेखागार आहे. या सर्व ठिकाणी लगेच नोकऱ्या आहेत असा माझा दावा नाही. पण पुढे जो अभिलेखांच्या किंवा संग्रहालयांच्या क्षेत्रात जाणार आहे, त्याने जुना कागद हातात कसा धरायचा, त्याची नोंद कशी करायची, त्याला वाळवीपासून कसे जपायचे, हे घरापासून बसने दीड तासावर पाहून येण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत "तू कोणता संग्रह पाहिला आहेस?" असे विचारले गेले तर त्याला उत्तर असेल.

मोडी लिपीचा उल्लेख पुस्तिकेत एका ओळीत, 'छंद व आवड' या शीर्षकाखाली आहे. हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. खानदेशात मोडी वाचता येणे हा छंद राहिलेला नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांची नोंद सापडते ती गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदींत, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, जुन्या हक्कनोंदींत आणि खरेदीखतांत. आणि त्यांतील जुना भाग मोडीत असतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारे माणूस मिळेना, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. जमिनीच्या दाव्यांत वकिलांना, वाटणीच्या वादांत कुटुंबांना, देवस्थानांच्या इनामांच्या प्रकरणांत विश्वस्तांना मोडीचे लिप्यंतर करून देणारा विश्वासू माणूस हवा असतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. अक्षरे ओळखणे काही आठवड्यांत जमते. निरनिराळ्या कारकुनांची वळणे, संक्षेप, हिजरी आणि फसली सन, जुनी मापे आणि नाणी यांची ओळख व्हायला मात्र वर्ष-दोन वर्षे सराव लागतो, आणि इतिहासाचा विद्यार्थी इतरांपेक्षा पुढे असतो तो येथेच. केवळ लिपी येणारा माणूस शब्द वाचतो. इतिहास शिकलेला माणूस त्या कागदाची तारीख, तो लिहिणाऱ्याचे पद आणि त्यातली खाडाखोडही वाचतो.

हेच सूत्र दुसऱ्या दिवशीच्या वैयक्तिक भेटीत मला दिसले, आणि केवळ त्या भेटीसाठी मी या शिबिराला चांगले गुण देतो. समुपदेशक मॅडम मानसशास्त्राच्या होत्या, इतिहासाच्या नव्हत्या. त्यांनी आदल्या दिवशीच सर्वांना सांगितले होते की गुणपत्रिकेबरोबर स्वतः लिहिलेले काहीतरी घेऊन या. भाचीने तृतीय वर्षाचा प्रकल्प नेला होता. ती थाळनेरजवळच्या गावची आहे. तापीकाठचे थाळनेर ही खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तेथे आजही उभ्या आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने तेथील किल्ला घेतला, आतील अरब शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फासावर दिले. भाचीचा प्रकल्प याच घटनेवर होता.

मॅडमनी प्रकल्प पाच-सहा मिनिटे शांतपणे चाळला आणि मग विचारले, "यातले तू ऐकलेले किती आणि वाचलेले किती, हे मला पानावर दाखवशील का?" भाची प्रथम गोंधळली. मग तिने पेन्सिल घेऊन एकेका परिच्छेदाशेजारी खूण करायला सुरुवात केली. हे गावातल्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितले, हे १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमधले, हे कबरीजवळच्या फलकावरचे. काही ठिकाणी ती थांबली, कारण ते कोठून आले हे तिला आठवेना. मॅडमनी विचारले, "गॅझेटिअरमध्ये आणि बाबांच्या सांगण्यात फरक कोठे पडतो?" भाचीने सांगितले की किल्ल्याचे दार उघडल्यानंतर पहिला वार कोणी केला यावर दोघांचे जुळत नाही, गॅझेटिअर इंग्रजांच्या कागदांवरून लिहिलेले आहे, आणि बाबांनी ते त्यांच्या आजोबांकडून ऐकलेले आहे, म्हणून तिने दोन्ही दिले आणि निर्णय दिला नाही. "किल्लेदाराच्या फाशीबद्दल मात्र तू ठाम लिहिले आहेस," मॅडम म्हणाल्या. "कारण ते इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कोणी उगाच लिहीत नाही," भाची म्हणाली.

मी शेजारी बसलो होतो. तीन वर्षांच्या पदवीतून या मुलीने काय मिळवले आहे हे मला, तिच्या मामाला आणि इतिहासाच्या शिक्षकाला, इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसले. मॅडमनी त्यानंतर जे सांगितले ते मी लिहून घेतले आहे. त्या म्हणाल्या की पुरावा कोणाचा, कधीचा आणि कशासाठी लिहिलेला हे विचारण्याची सवय ज्याला आहे, त्याने आपली ओळख 'बी.ए. इतिहास' एवढीच न सांगता या सवयीचा नमुना पुढे ठेवावा. अर्जासोबत दोन पानांचा असा नमुना जोडावा. आणि वकिली, पत्रकारिता, विमा दाव्यांची तपासणी, सहकारी संस्थांचे लेखन-दप्तर, समाजकार्याच्या संस्थांतील सर्वेक्षण अशा ज्या ज्या कामांत कागद आणि माणसाचे बोलणे ताडून पाहावे लागते, तेथे तो दाखवावा. तीन वर्षांच्या विधी पदवीचा मार्ग त्यांनी विशेष सुचवला. त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि जळगाव व धुळे येथेच शिक्षणाची सोय आहे, म्हणजे मुलीला घरापासून फार दूर पाठवण्यास न धजावणाऱ्या पालकांनाही तो विचार करता येतो. मोडी येत असलेला दिवाणी वकील या भागात किती उपयोगी पडेल, हे मी तेथेच त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते आपल्या वहीत टिपून घेतले.

संग्रहालयशास्त्राविषयी भाचीने विचारले तेव्हा मॅडमनी पुस्तिका बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी माहिती काढून देईन असे सांगितले आणि शब्द पाळला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, आणि नंदुरबार-शहाद्याकडच्या मुलांना सुरतमार्गे बडोदा मुंबईपेक्षा जवळ पडते, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाचे शिक्षण दिले जाते. पुरातत्त्वासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज पहिला विचार करण्यासारखे आहे. ग्रेटर नोएडाच्या संस्थेतील दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेला आधी एम.ए. लागते. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, जे १८९१ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले, ते अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका आणि कागदांच्या जतनाचे काही आठवड्यांचे वर्ग चालवते. हे छोटे वर्ग मला मुलांसाठी फार सोयीचे वाटतात, कारण संपूर्ण वर्ष दिल्लीत राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरातील मुलगाही दीड महिन्याचा प्रयत्न करू शकतो. फारसी शिकणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे, आणि फारुकींच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या राजवटीचे लेख खानदेश-बुऱ्हाणपूर पट्ट्यात विखुरलेले आहेत. फारसी येणारे मराठी तरुण विरळ आहेत. जो शिकेल त्याला स्पर्धक कमी भेटतील.

पर्यटनाचे सत्र निराशाजनक झाले. वक्ते प्रवासी कंपनीतील होते आणि त्यांनी बहुतेक वेळ तिकिटे आणि सहलींचे आराखडे यांवर घालवला. चाळीसगावच्या एका मुलाने विचारले की पाटणादेवीला येणाऱ्या लोकांना माहिती सांगण्याचे काम करता येईल का. वक्त्यांनी, "तेथे परदेशी पर्यटक येत नाहीत," एवढेच उत्तर दिले. त्या मुलाला अधिक चांगले उत्तर मिळायला हवे होते, म्हणून मी ते येथे देतो. पाटणादेवीच्या पाटण येथे गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाला निकुंभ घराण्याने दिलेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख आहे, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. त्याच परिसरातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली अश्मयुगीन नक्षी सापडली. डोंगर ओलांडला की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, आणि जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेले अजिंठा. गणित, अश्मयुग आणि लेणी एका दिवसात दाखवता येतील असा दुसरा प्रदेश महाराष्ट्रात शोधावा लागेल. शाळांच्या सहली येथे दरवर्षी येतात आणि देवीचे दर्शन घेऊन, डबे खाऊन परत जातात. एखाद्या मुलाने पाच शाळांशी बोलून सहलीच्या दिवसाचे मानधन ठरवले, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केले, आणि हिंदी-इंग्रजीत बोलण्याचा सराव केला, तर हे काम हंगामी का होईना, पण सन्मानाचे आहे. ते पूर्ण पोटाला पुरेल असे मी म्हणणार नाही. शिक्षणाचा खर्च मात्र त्यातून निघू शकतो.

कलचाचणीवर फार लिहिण्यासारखे नाही. ती संगणकावर झाली, प्रश्न इंग्रजीचे शब्दशः मराठी केलेले होते, आणि ग्रामीण भागातील मुलांना त्यांतले प्रसंग अनोळखी वाटत होते. भाचीचा निकाल "विश्लेषणात्मक कल" असा आला, ज्याचा उपयोग मॅडमच्या एका पेन्सिलीच्या प्रश्नापुढे काहीच नव्हता. सभागृह हवेशीर होते, पाण्याची आणि जेवणाची व्यवस्था ठीक होती, वेळापत्रक दोन्ही दिवशी पाळले गेले. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय चांगली होती, याची नोंद बाहेरगावहून येणाऱ्या पालकांनी घ्यावी. शिबिर साडेपाचला संपते. शहादा-तळोद्याकडे जाणाऱ्यांना घरी पोहोचायला रात्र होते, तेव्हा केंद्राने दुसऱ्या दिवशीची वेळ तासाभराने अलीकडे आणली तर बरे होईल.

फोनवरील शंकानिरसनाचा अनुभव आतापर्यंत चांगला आहे. पहिला फोन उचलला गेला नाही, पण त्याच संध्याकाळी उत्तर आले. भाचीने विधी प्रवेश परीक्षेविषयी दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे बिनचूक मिळाली. तिने सध्या एम.ए. ला प्रवेश घेऊन सोबत मोडीचा सराव करण्याचे ठरवले आहे. विधी शाखेचा निर्णय पुढील वर्षासाठी ठेवला आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघे धुळ्याला जाऊन आलो. राजवाड्यांच्या कागदांच्या कपाटासमोर ती बराच वेळ उभी होती, आणि परतीच्या बसमध्ये तिने मला विचारले की थाळनेरच्या किल्लेदाराचे मोडीतले एखादे पत्र कोठे असू शकेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात शोधावे लागेल, असे मी तिला सांगितले.

अडीच हजार रुपये या शिबिरासाठी योग्य आहेत का, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर असे की ज्याला स्पर्धा परीक्षांची पहिली ओळख हवी आहे आणि जो वैयक्तिक भेटीची तयारी करून जाणार आहे, त्याने जावे. पुस्तिकेवर विसंबून कोणताही अर्ज भरू नये. प्रत्येक तारीख, पात्रता आणि पत्ता संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळावा. केंद्राने पुढील तुकडीत मोडीचे एक तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी लेखी सूचना मी केली आहे, आणि त्यासाठी धुळ्याहून जाणकार व्यक्तीला आणण्याची जबाबदारी घेण्याचीही तयारी दाखवली आहे. पुढील तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. जाणाऱ्यांनी गुणपत्रिका, ओळखपत्र आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला एखादा प्रकल्प किंवा निबंध बरोबर न्यावा, आणि त्यातले ऐकलेले किती व वाचलेले किती याच्या खुणा घरूनच करून न्याव्यात. पाऊण तास फार लवकर संपतो.